मुलांचा वाढदिवस करताय? फुगे, केक, हॉल आणि बजेट ठरवण्याआधी एवढं तपासा

पूर्वी वाढदिवस म्हणजे सकाळी अभ्यंगस्नान, पाटावर बसवून औक्षण, ताटात शिरा आणि संध्याकाळी शेजारपाजारच्या मुलांना वेफर्स, केकचा तुकडा, फार तर समोसा. आता छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही कॉलनीत बघा. फुग्यांची कमान, नावाचा निऑन बोर्ड, थीमचा केक, धूर सोडणारं मशीन, ठिणग्या उडवणारं 'कोल्ड पायरो' आणि हे सगळं शूट करणारा रीलवाला असा थाट दिसतो. 'वर्षातून एकदाच तर येतो वाढदिवस' म्हणत खर्चही वाढत जातो.

हौस करण्यात चूक काहीच नाही. पण बहुतेक वेळा आपण आधी थीम ठरवतो, मग हॉल, मग केक. फुग्यात कोणता गॅस आहे, हॉलमधून बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, खेळण्यातली बॅटरी मुलाच्या हाताला लागेल का, हे प्रश्न शेवटी येतात किंवा येतच नाहीत. गेल्या काही वर्षांत देशात आणि आपल्या मराठवाड्यातही अशा घटना घडल्या आहेत, ज्यामुळे हे प्रश्न आधी विचारायला हवेत.

म्हणून लहान मुलाच्या वाढदिवसाचं नियोजन कसं करायचं, कुठे पैसे घालायचे, कुठे वाचवायचे आणि काय अजिबात करायचं नाही, ते एकेक करून पाहू.

पार्टी कुणासाठी आहे?

हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळं गणित इथूनच सुरू होतं. मुलाच्या वयानुसार पार्टीचं स्वरूप बदलतं.

पहिला वाढदिवस हा खरं तर आईबाबांचा आणि आजी-आजोबांचा असतो. बाळाला गर्दी, मोठा आवाज आणि झगमगाट यांचा त्रासच जास्त होतो. त्यामुळे घरच्या घरी औक्षण, जवळची माणसं आणि तासाभराचा कार्यक्रम पुरतो. पाहुण्यांची यादी मोठी असेल, तर त्यांना जेवायला बोलवा. पण बाळाला झोपेच्या वेळी आत नेता येईल, अशी सोय ठेवा.

दोन-तीन वर्षांची मुलं एकमेकांसोबत खेळण्यापेक्षा एकमेकांच्या शेजारी बसून खेळतात. त्यांना स्पर्धा, बक्षिसं, 'स्टेजवर ये' हे कळत नाही. वाळू, ब्लॉक्स, रंग, साबणाचे फुगे एवढ्यावर ती रमतात.

चार ते सहा वर्षांच्या मुलांना मित्र-मैत्रिणी हव्या असतात. संगीत खुर्ची, तळ्यात-मळ्यात, लपवलेल्या वस्तू शोधणं असे खेळ इथे चालतात. या वयासाठी एक साधा नियम अनेक पालक वापरतात: जेवढं वय, त्यात एक मिळवा आणि तेवढीच मुलं बोलवा. पाच वर्षांच्या मुलासाठी सहा पाहुणे. आपल्याकडे हा आकडा पाळणं अवघड आहे, कारण चुलत-मावस भावंडंच तेवढी असतात. पण अख्ख्या वर्गाला बोलावलंच पाहिजे असं नाही, एवढं यातून घेता येईल.

सात वर्षांच्या पुढच्या मुलांना विचारा. बऱ्याचदा त्यांचं उत्तर आपल्या कल्पनेपेक्षा स्वस्त निघतं. चार मित्र, एक क्रिकेटची मॅच आणि पावभाजी, झालं.

कार्यक्रम दीड ते दोन तासांत संपवा. त्यानंतर लहान मुलं थकतात, चिडचिड करतात आणि रडारड सुरू होते.

तारीख आणि वेळ कशी ठरवायची?

अनेक घरांत तिथीने औक्षण आणि तारखेने केक असा दुहेरी वाढदिवस होतो. तसं असेल तर फारच छान. घरचा धार्मिक भाग तिथीला उरकतो आणि मित्रमंडळींची पार्टी सोयीच्या रविवारी करता येते. वाढदिवस बुधवारी आला म्हणून बुधवारीच पार्टी करायला हवी असं नाही.

आपल्या शहरात आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, ही या शहराची जुनी अडचण. जायकवाडीचं धरण पैठणला, शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर भरलेलं असलं, तरी घरातली टाकी पाण्याच्या दिवसावरच अवलंबून असते. घरी तीस-चाळीस माणसं येणार असतील, तर हात धुणं, स्वच्छतागृह आणि भांडी यांनाच पिण्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं. त्यामुळे आपल्या भागातल्या पाण्याच्या दिवसाच्या लगेच नंतरचा दिवस धरा किंवा टँकरचा खर्च आधीच बजेटमध्ये लिहा.

दुसरी, ऊन. एप्रिल-मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशीपार जातो. या काळात गच्चीवर किंवा लॉनवर संध्याकाळी सहाच्या आधी काहीच ठेवू नका. केकचं क्रीमही टिकत नाही आणि मुलंही.

तिसरी, रस्ते. १४ एप्रिलला क्रांती चौक परिसरात आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका असतात. गणेश विसर्जनाच्या दिवशी जुन्या शहरातले रस्ते वळवले जातात. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुख्य कार्यक्रम सिद्धार्थ उद्यानातल्या स्मारकावर असतो. या दिवशी तिकडे पाहुण्यांना बोलावलं तर अर्धे वाहतुकीत अडकतील. रमजानमध्ये पार्टी असेल आणि पाहुण्यांमध्ये मुस्लिम कुटुंबं असतील, तर इफ्तारची वेळ विचारून घ्या.

घर, सोसायटी, हॉल की गेम झोन?

घर किंवा सोसायटीचं पार्किंग हा सगळ्यात स्वस्त पर्याय. पार्किंगमध्ये पार्टी असेल, तर त्या दोन तासांत एकही गाडी आत-बाहेर होणार नाही, याची वॉचमन आणि शेजाऱ्यांशी आधी बोलून खात्री करा. गच्चीवर असेल तर कठड्याची उंची बघा आणि पाण्याच्या टाकीकडे जाणारी शिडी बंद करा.

हॉल किंवा गेम झोन घेणार असाल, तर २५ मे २०२४ हा दिवस लक्षात ठेवा. त्या दिवशी गुजरातमधल्या राजकोट इथल्या गेम झोनला आग लागली आणि लहान मुलांसह २७ जणांचा मृत्यू झाला. सुट्टीचा शनिवार होता, आत गर्दी होती. बांधकाम तात्पुरत्या स्वरूपाचं, पत्र्याचं होतं आणि अग्निशमन विभागाची एनओसी नव्हती, असं नंतर समोर आलं.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा सुरू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा ती जागा वापरणाऱ्याची आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात.

बुकिंगचे पैसे देण्याआधी मॅनेजरला विचारा, 'फायर एनओसी आणि या सहामाहीचा फॉर्म बी दाखवता का?' यात संकोच करण्यासारखं काही नाही. कागद दाखवला तर उत्तम. 'तसं काही लागत नाही हो' असं उत्तर आलं, तर दुसरी जागा बघा.

कागदाशिवाय स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासारख्या चार गोष्टी:

- बाहेर पडायला किमान दोन वाटा आहेत का? दुसऱ्या दरवाजाला कुलूप किंवा खुर्च्यांचा ढीग तर नाही?
- अग्निशामक सिलिंडरवर तारीख आहे का? काटा हिरव्या पट्ट्यात आहे का?
- जिना रुंद आहे का? वरच्या मजल्यावरच्या हॉलला फक्त लिफ्टवर अवलंबून राहू नका.
- सजावटीचं कापड, थर्माकोल आणि दिव्यांच्या वायरी एकमेकांना चिकटून तर नाहीत?

मोठ्या मुलांसाठी हॉलशिवायही पर्याय आहेत. सकाळी सलीम अली सरोवराच्या काठी पक्षी बघणं, एमजीएममधलं एपीजे अब्दुल कलाम अंतराळ विज्ञान केंद्र किंवा बीबी का मकबऱ्याची फेरी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. अशा ठिकाणी केक, स्पीकर, फुगे नेऊ नका. फिरून या आणि केक घरी कापा.

फुग्यात नेमकं काय भरलंय?

वर तरंगणारा फुगा दोन वायूंनी भरता येतो. हेलियम आणि हायड्रोजन. हेलियम पेट घेत नाही, पण महाग असतो. हायड्रोजन स्वस्त पडतो आणि एका ठिणगीने भडकतो. रस्त्यावर फुगे भरणारे काही विक्रेते कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमची भुकटी एकत्र करून सिलिंडरमध्येच हायड्रोजन तयार करतात. या क्रियेत उष्णता आणि दाब दोन्ही वाढतात. सिलिंडर जुना किंवा घरगुती बनावटीचा असेल, तर तो फुटू शकतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये लातूरच्या तावरजा कॉलनीत हेच झालं. फुग्यांत गॅस भरण्याच्या सिलिंडरचा स्फोट होऊन विक्रेत्याचा मृत्यू झाला आणि भोवती जमलेली अनेक मुलं जखमी झाली. सप्टेंबर २०२० मध्ये चेन्नईत पंतप्रधानांच्या वाढदिवसानिमित्त झालेल्या कार्यक्रमात हायड्रोजनचे फुगे फटाक्यांच्या ठिणगीने पेटले आणि अनेक कार्यकर्ते भाजले. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हिएतनामच्या हनोई शहरात एका तरुणीच्या वाढदिवशी हातातले फुगे केकवरच्या मेणबत्तीला लागून भडकले. तो व्हिडिओ तुमच्या फीडमध्येही आला असेल.

मग करायचं काय?

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे तरंगणारे फुगे घेऊच नका. पंपाने हवा भरलेल्या फुग्यांची कमान, भिंतीवरची सजावट तेवढीच छान दिसते. तरंगणारेच हवे असतील, तर डेकोरेटरकडून 'हेलियम' असं बिलावर लिहून घ्या आणि ते फुगे केकच्या टेबलापासून, निरांजनापासून लांब बांधा. सिलिंडर पार्टीच्या जागी आणू देऊ नका. आवाज बारीक करण्यासाठी हेलियम तोंडाने ओढण्याचा खेळही नको. त्यामुळे शरीराला मिळणारा ऑक्सिजन तुटतो.

साध्या रबरी फुग्याचाही एक धोका आहे, जो आपल्या लक्षात येत नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा किंवा न फुगवलेला फुगा मुलाने तोंडात घातला, तर तो श्वासनलिकेवर झाकणासारखा बसतो. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांसाठी तसा इशारा छापणं बंधनकारक आहे. पार्टी संपल्यावर फुगे फोडण्याचा कार्यक्रम असतो ना, तो मोठ्यांनी करा आणि तुकडे लगेच उचला.

स्नो स्प्रे आणि कोल्ड पायरोचं काय?

केक कापताना पांढरा फेस उडवणाऱ्या स्नो स्प्रेच्या डब्यात तो बाहेर ढकलण्यासाठी बऱ्याचदा ब्यूटेन किंवा प्रोपेनसारखा ज्वालाग्राही वायू असतो. घरच्या गॅस सिलिंडरमध्येही मुख्यतः हेच वायू असतात. समोर मेणबत्ती पेटलेली आणि मित्र तोंडावर स्प्रे मारतायत, अशी परिस्थिती म्हणजे आगीला बोलावणं. वाढदिवसाच्या मुलाचा चेहरा क्षणात पेटल्याचे व्हिडिओ दर काही महिन्यांनी व्हायरल होतात. मेणबत्ती आणि स्प्रे एका खोलीत नको, एवढा नियम पुरेसा आहे.

'कोल्ड पायरो' नावाला थंड आहे. त्यात धातूची भुकटी जळते आणि ठिणग्या उडतात. मोकळ्या मैदानात, कापडापासून दूर, जाणकार माणसाच्या हाती असेल तर गोष्ट वेगळी. बंद हॉलमध्ये फुगे, पडदे आणि थर्माकोलच्या खाली ते लावणं धोक्याचं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे इथल्या नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा जीव गेला. आत पेटवलेल्या इलेक्ट्रिक फटाक्यांमुळे आग लागल्याचं प्राथमिक चौकशीत सांगण्यात आलं होतं.

केक घेताना काय बघायचं?

मार्च २०२४ मध्ये पंजाबमधल्या पटियालात ऑनलाइन मागवलेला वाढदिवसाचा केक खाल्ल्यानंतर एका १० वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला होता. त्या बेकरीच्या केकच्या नमुन्यात सॅकरिन या कृत्रिम साखरेचं प्रमाण जास्त असल्याचं आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्याच वर्षी कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने केकचे २३५ नमुने तपासले. त्यातले १२ असुरक्षित निघाले, कारण कृत्रिम रंग जास्त होते. रेड व्हेल्वेट आणि ब्लॅक फॉरेस्ट हे आवडते केक त्यात होते.

यावरून केकच नको असं नाही. पण चार गोष्टी विचारा.

एक, परवाना. बेकरी असो की घरून केक करणाऱ्या ताई, एफएसएसएआयची नोंदणी दोघांनाही लागते. तो १४ अंकी नंबर बिलावर किंवा डब्यावर असतो.

दोन, रंग. गडद निळा, गडद काळा, भडक लाल असे केक फोटोत छान दिसतात. पण जीभ आणि ओठ दिवसभर निळे राहत असतील, तर रंग किती घातलाय ते कळतंच. फिकट रंगाचा केक आणि वर छापील टॉपर, हा सोपा तोडगा.

तीन, वेळ. फ्रेश क्रीमचा केक फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर एक तासापेक्षा जास्त नको. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे केक कार्यक्रमाच्या मध्यावर मागवायला हवा, सुरुवातीला नाही.

चार, आवड-निवड. पाहुण्यांमध्ये जैन, शाकाहारी, मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध अशी सगळी कुटुंबं असू शकतात. एगलेस केक घेतला की एक प्रश्न सुटतो. जेली आणि मार्शमेलोमध्ये बऱ्याचदा प्राण्यांपासून मिळणारं जिलेटिन असतं, हे मात्र आपल्या लक्षात राहत नाही. पाकिटावरची हिरवी किंवा तपकिरी खूण बघा.

आता मेणबत्ती. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये केलेल्या प्रयोगात, फुंकर मारल्यानंतर केकच्या आयसिंगवरचे जिवाणू सरासरी १,४०० टक्क्यांनी वाढले. निरोगी माणसाने फुंकर मारली तर त्यातून आजारी पडण्याची शक्यता कमीच, असंही त्याच संशोधकांचं म्हणणं होतं. पण ज्याचा वाढदिवस आहे त्यालाच सर्दी-खोकला असेल, तर मेणबत्ती वेगळ्या छोट्या कपकेकवर लावा. किंवा मेणबत्ती राहू द्या आणि औक्षण करा. आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, लावतात. फक्त निरांजन मुलाच्या केसांपासून आणि नायलॉनच्या फ्रॉकपासून हातभर दूर ठेवा.

मुलांना खायला काय?

मुलं पार्टीत फार खात नाहीत. त्यांचं लक्ष खेळण्यात असतं. त्यामुळे आठ-दहा पदार्थांपेक्षा तीनच ठेवा, पण हाताने खाता येतील असे. छोट्या इडल्या, भाज्या घातलेले छोटे पराठे, मराठवाड्याचा हक्काचा पदार्थ म्हणजे कुरमुऱ्यांचं सुशीला, कापलेली फळं, ताक किंवा लिंबू सरबत. गोड म्हणून गुलमंडीतली इमरती आणली, तर आजी-आजोबाही खूश. संक्रांतीच्या आसपास वाढदिवस असेल, तर बोरन्हाणाचा कार्यक्रमच पार्टीला जोडता येतो. हलव्याचे दागिने, काळा फ्रॉक आणि वरून पडणारी बोरं, यापुढे कुठलीही थीम फिकी. पण वेचलेली बोरं आणि उसाचे करवे छोट्यांच्या तोंडात जाणार नाहीत, यावर एकाने लक्ष ठेवावं.

कारण पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकणाऱ्या वस्तू अगदी रोजच्या असतात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, अख्खी द्राक्षं. द्राक्षं उभी चार तुकड्यांत कापा. दाणे कूट करून वापरा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका आणि दोन वर्षांपर्यंत साखरही शक्य तितकी टाळावी, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पहिल्या वाढदिवसाला बाळाच्या तोंडाला क्रीमचं बोट लावण्यासाठी रांग लागते, ती थांबवायचं काम आजीवर सोपवा. तिचं सगळे ऐकतात.

धूर निघणारे बिस्कीट, धुराचं पान, धुराचं सरबत हे प्रकार मुलांच्या पार्टीत नकोच. त्यात द्रव नायट्रोजन किंवा ड्राय आइस असतो. तो पूर्ण उडून जाण्याआधी पोटात गेला, तर अन्ननलिका आणि जठराला गंभीर इजा होते. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटमध्ये माउथ फ्रेशनर समजून ड्राय आइस खाल्लेल्या पाच जणांच्या तोंडातून रक्त आलं होतं.

घास अडकलाच तर काय करायचं, हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने पाच जोरदार थापा. तरी निघालं नाही, तर एक वर्षावरच्या मुलाला मागून धरून बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर नाही, छातीच्या मधोमध पाच दाब. हे आलटून-पालटून करत राहा आणि दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन लावावा. घशात बोट घालून आंधळेपणाने शोधू नका, वस्तू आणखी आत जाते.

रिटर्न गिफ्टमधली छोटी बॅटरी

लाइट लागणारी अंगठी, चमकणारा फुगा, गाणं म्हणणारी मेणबत्ती, टिमटिमणारा बॅज. या सगळ्यांत नाण्यासारखी चपटी बटण बॅटरी असते. ती गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतला भाग भाजायला लागतो. मूल सुरुवातीला अगदी ठीक दिसू शकतं. शंका आली तरी उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा आणि एक्स-रे काढा. शहरात घाटी रुग्णालय चोवीस तास उघडं असतं.

त्यापेक्षा रिटर्न गिफ्ट म्हणून गोष्टीचं मराठी पुस्तक, खडू, रोपाची छोटी कुंडी, स्टीलचा डबा द्या. टिकतंही आणि घरी गेल्यावर आयांच्या शिव्याही बसत नाहीत.

बजेट कसं मांडायचं?

आधी एकूण आकडा ठरवा, मग त्याचे भाग पाडा. उलट केलं की आकडा पळत राहतो. समजा १५ मुलं, १५ मोठी माणसं आणि १५,००० रुपये आहेत. तर वाटणी अशी करता येईल:

- खाणं (३० जणांसाठी माणशी २०० धरून): ६,०००
- केक: १,५००
- सजावट: १,५००
- खेळांचं साहित्य आणि बक्षिसं: १,५००
- रिटर्न गिफ्ट: २,०००
- फोटो प्रिंट: ५००
- राखीव (टँकर, पाण्याचे जार, आयत्या वेळी आलेले पाहुणे): २,०००

हे फक्त उदाहरण आहे. तुमचा आकडा ५,००० असेल तर राखीव भाग ठेवून बाकीचं त्याच प्रमाणात कमी करा. वाढदिवसासाठी क्रेडिट कार्डावर किंवा ॲपवरून कर्ज काढू नका. केक संपतो, हप्ते राहतात.

हॉल, डेकोरेटर आणि केटरर यांच्याकडून व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी कोटेशन घ्या. त्यात जीएसटी धरलाय का, वेळ वाढली तर किती, कार्यक्रम रद्द झाला तर ॲडव्हान्स परत मिळणार का, हे तीन प्रश्न विचारा. रेस्टॉरंटमध्ये पार्टी असेल तर सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते योग्य ठरवलं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

कायदा काय सांगतो?

आवाज: रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत लाउडस्पीकर लावता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा आणि कोर्टाच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं.

प्लास्टिक: १ जुलै २०२२ पासून देशात प्लास्टिकच्या प्लेट, कप, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोल यांवर बंदी आहे. महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच प्लास्टिकबंदी आहे आणि पहिल्यांदा पकडलं गेल्यास ५,००० रुपये दंड आहे. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण वापरा. पाण्याचा प्रश्न असलेल्या शहरात भांडी धुण्याचं पाणीही वाचतं.

रस्ता आणि रील: चौकात गाडीच्या बॉनेटवर केक ठेवून तलवारीने कापायचा आणि रील टाकायची, अशा प्रकरणांत राज्यात पोलिसांनी शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे दाखल केले आहेत. पुरावा स्वतःच अपलोड केलेला असतो. चौकात फ्लेक्स लावायचा तर महापालिकेची परवानगी लागते.

फोटो टाकण्याआधी

मुलाची पूर्ण जन्मतारीख, शाळेचं नाव आणि घराचा पत्ता एकाच पोस्टमधून जगाला कळू देऊ नका. '५ वर्षांची झाली' एवढं पुरे. पार्टी सुरू असताना लाइव्ह लोकेशन टाकू नका. ग्रुप फोटोत इतरांची मुलं असतील, तर त्यांच्या आईबाबांना विचारून मगच टाका. आणि आपलं मूल केक तोंडाला फासल्यामुळे रडत असेल, तर तो व्हिडिओ फोनमध्येच राहू द्या.

आमंत्रणातही एक ओळ टाकता येईल: 'भेटवस्तू नको, फक्त या.' वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी गिफ्ट घ्यायला पैसे नसतात आणि मग ते मूल 'बरं नाही' म्हणून येतच नाही. या एका ओळीने ते येऊ शकतं.

सेव्ह करून ठेवा

तीन आठवडे आधी: एकूण बजेट, पाहुण्यांची यादी, तारीख, पाण्याचा दिवस.
दोन आठवडे आधी: जागा, फायर एनओसी आणि दोन दरवाजे, लेखी कोटेशन.
एक आठवडा आधी: केकची ऑर्डर, कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते पालकांना विचारणं, रिटर्न गिफ्ट.
आदल्या दिवशी: पत्रावळी, पाण्याचे जार, खेळांचं सामान, प्रथमोपचार पेटी.
त्या दिवशी: गर्दीत फक्त मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी दोन मोठी माणसं ठरवा. त्यांच्याकडे दुसरं कुठलंच काम देऊ नका, फोटोचंही नाही.

दारामागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, कोणतीही आपत्कालीन मदत ११२.